दाखल्यावरची तारीख

मृग जवळ आला की आपल्या शेतकऱ्यांच्या घरी एक काम ठरलेले असते. घरचे सोयाबीन पोत्यातून काढायचे, हाताला येतील तसे १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, गोणपाटाची गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि रोज पाणी शिंपडायचे. आठवड्याने गुंडाळी उलगडून मोड आलेले दाणे मोजायचे. ७० किंवा त्याहून अधिक भरले तर बी पेरण्याजोगे. कमी भरले तर एकरी बी वाढवावे लागते, नाही तर ते बी खाण्याकडे किंवा तेलाकडे जाते.

विकतच्या प्रमाणित बियाण्यालाही हाच न्याय आहे. पिशवीला लावलेल्या चिठ्ठीवर तपासणीची तारीख असते आणि त्या दिवसापासून ९ महिनेच तो दाखला चालतो. मुदत संपली तर बी पुन्हा तपासतात. उगवण ठीक असेल तर आणखी ६ महिने वाढवून मिळतात. गेल्या वर्षी बी चांगले होते म्हणून ते यंदाही चांगले असेल असे कोणताही शहाणा शेतकरी धरून चालत नाही.

मग माणसाच्या विद्येचे काय? पंचवीस वर्षांपूर्वी मिळालेला दाखला भिंतीवर टांगला, तर त्यातली विद्या अजून उगवते की नाही हे कोण पाहणार? हा प्रश्न आम्हांला यंदा एका घरभेटीत पडला. त्याचे जे उत्तर तिथे मिळाले ते आपल्या शेतकरी बंधुभगिनींना उपयोगी वाटेल म्हणून येथे देत आहोत.

ओसरीवरचा अभ्यास

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही त्या घरी गेलो तेव्हा म्हातारबाबा ओसरीवर दाणे मोजत बसले होते. शेजारी त्यांची धाकटी सून मांडीवर संगणक घेऊन काहीतरी वाचत होती. ती नवऱ्याबरोबर अमेरिकेत राहते आणि तिकडच्या शेतीच्या मुलखातल्या एका लहान गावी दवाखान्यात काम करते. चार वर्षांनी महिनाभर घरी आली होती.

"बघा फादर," म्हातारबाबा म्हणाले, "पास होऊन वीस वर्षं होत आली, तरी हिची परीक्षा काही संपत नाही. सुट्टीलासुद्धा पुस्तकं घेऊन आलीय."

सून हसली. "मामा, तुमचे दाणे तपासून संपले का? मग माझं कसं संपेल?"

म्हातारबाबांना पडद्यावरचा प्रश्न काय आहे हे पाहायचे होते. तिने संगणक अलगद वळवून घेतला. "पुस्तक बघायला परवानगी आहे मामा, माणसाला विचारायला नाही. आणि प्रश्न कुणाला सांगायचाही नाही." म्हातारबाबांना राग आला नाही. उलट ते आम्हांला म्हणाले, "घरात कुणी बघणारं नाही तरी नियम पाळते, हे बरं आहे."

ही नोकरी कसली?

सूनबाई फिजिशियन असिस्टंट आहे. नाव ऐकून आपल्याला कंपाउंडर आठवतो, पण हे काम फार वेगळे आहे. फिजिशियन असिस्टंट डॉक्टरांच्या जोडीने काम करतात. रोगी तपासतात, रोगाचे निदान करतात, रक्त तपासायला किंवा फोटो काढायला सांगतात, औषधे लिहून देतात, शस्त्रक्रियेत हात लावतात. त्यासाठी पदवीनंतर सुमारे २७ महिन्यांचे शिक्षण असते आणि त्यात रोग्यांजवळ उभे राहून शिकण्याचे सुमारे २,००० तास असतात. आज अमेरिकेत असे दीड लाखांहून अधिक लोक आहेत. २०२१ मध्ये त्यांच्या संघटनेने "असिस्टंट" ऐवजी "असोसिएट" हा शब्द घेण्याचे ठरवले, पण कित्येक राज्यांच्या कायद्यात जुनेच नाव आहे.

या पेशाचा जन्म कसा झाला ते ऐकण्यासारखे आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यात गारलंड नावाच्या खेड्यात डॉ. अमोस जॉन्सन हे दवाखाना चालवीत. त्यांच्याकडे हेन्री ट्रेडवेल नावाचे एक कृष्णवर्णीय सहायक होते. डॉक्टरांनी त्यांना हाताखाली धरून शिकवले आणि ते इतके तयार झाले की डॉक्टर बाहेरगावी गेले तरी दवाखाना अडत नसे. त्या काळी खेड्यातल्या डॉक्टरांची मोठी अडचण हीच होती. नवे शिकायला शहरात जावे तर मागे रोग्यांकडे कोण पाहणार? डॉ. जॉन्सन यांना मात्र शिकायला जाता येई, कारण मागे ट्रेडवेल असत.

हे उदाहरण जवळच्या ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांना ठाऊक होते. त्यांनी १९६५ साली चार जणांचा पहिला वर्ग सुरू केला. हे चौघेही नौदलात रोग्यांची सेवा करून परतलेले होते. त्यांतले तिघे ६ ऑक्टोबर १९६७ रोजी शिक्षण पुरे करून बाहेर पडले. म्हणजे डॉक्टरांना पुन्हा शिकायला सवड मिळावी हा विचार या पेशाच्या पाळण्यातच होता. तेव्हा त्या पेशातल्या माणसांनी स्वतः शिकणे थांबवले असते तर ते शोभले नसते.

१०० तासांचा हिशेब

या लोकांना प्रमाणपत्र देणारा राष्ट्रीय आयोग १९७४ मध्ये स्थापन झाला. शिक्षण संपल्यावर त्याची ३०० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. ती पास झाल्यावर नावापुढे "प्रमाणित" असल्याचे अक्षर लावता येते. पण ते अक्षर कायमचे नसते. ते टिकवायला दोन अटी आहेत.

पहिली अट तासांची. दर दोन वर्षांत १०० तासांचे शिक्षण घेतल्याची नोंद करावी लागते. त्यांतले निदान ५० तास पहिल्या वर्गाचे असावे लागतात. पहिला वर्ग म्हणजे मान्यता असलेल्या संस्थेने आधी पाहून मंजूर केलेली व्याख्याने, परिषदा आणि पाठ. बाकीचे तास दुसऱ्या वर्गाचे चालतात. आपण होऊन वैद्यकीय मासिके वाचली, तर तो वेळ त्यात धरता येतो. दुसऱ्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपूर्वी हे सगळे आयोगाकडे नोंदवून शुल्क भरायचे असते. काही जणांची नावे अचानक निवडून त्यांच्याकडे पुरावेही मागतात, म्हणून हजेरीचे दाखले जपून ठेवावे लागतात.

१०० तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण दोन वर्षांचे महिने २४. महिन्याला चार तासांहून थोडे अधिक पडतात. सूनबाईने आपली वही आम्हांला दाखवली. तारीख, विषय, तास, कोणत्या वर्गाचे, अशा चार रकान्यांत सगळे लिहिलेले होते. ती म्हणाली, "फादर, दर महिन्याला थोडं थोडं केलं तर जड जात नाही. डिसेंबरवर ढकललं तर रात्री जागून नुसते तास भरायचे. तास भरतात, पण डोक्यात काही राहत नाही." दुधाच्या सोसायटीचा हिशेब रोजच्या रोज लिहिणाऱ्याला आणि वर्षाअखेरीस आठवून लिहिणाऱ्याला यातला फरक सांगायला नको.

मोठी परीक्षा आणि छोटे प्रश्न

दुसरी अट परीक्षेची. पूर्वी दर सहा वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यावी लागे. २०१४ पासून ही मुदत दहा वर्षांवर नेली. सूनबाई २००६ मध्ये प्रथम पास झाली, २०१२ मध्ये आणि २०१८ मध्ये पुन्हा बसली. आता तिची मुदत २०२८ ला संपते.

ही मोठी परीक्षा एका दिवसाची असते. २४० प्रश्न, चार भाग, भागाला एक तास. केंद्रावर जाऊन बसायचे, जवळ पुस्तक नाही. सूनबाई म्हणाली, "२०१२ साली मुलगा लहान होता. दोन महिने रोज पहाटे उठून अभ्यास केला. पास झाले, आणि महिन्याभरात निम्मं विसरले. कुठे चुकले ते मात्र शेवटपर्यंत कळलं नाही."

हीच उणीव पुष्कळांना जाणवत होती. म्हणून आयोगाने २०१९ मध्ये एक नवी पद्धत करून पाहिली आणि २०२३ पासून ती कायम केली. तिच्यात मुदतीच्या सातव्या वर्षापासून तीन वर्षे दर तिमाहीला २५ प्रश्न येतात. अशा १२ तिमाह्या. प्रत्येक प्रश्नाला पाच मिनिटे. घरी बसून, संगणकावर किंवा मोबाइलवर सोडवता येतात. ग्रंथ पाहता येतात, माणसाला विचारता येत नाही. १२ पैकी निदान आठ तिमाह्या पुऱ्या कराव्या लागतात आणि ज्या आठ उत्तम गेल्या त्यांचेच गुण धरतात. एखाद्या तिमाहीत घरात आजारपण निघाले तरी सगळे बुडत नाही. इतके करूनही जमले नाही तर दहाव्या वर्षी मोठी परीक्षा आहेच.

यातली खरी गोष्ट पुढेच आहे. उत्तर दिले की लगेच ते बरोबर की चूक, का चूक, आणि कुठे वाचावे हे तिथल्या तिथे सांगतात. आम्ही स्वतः सेमिनरीत पुष्कळ परीक्षा दिल्या, काही शाळांत घेतल्याही. पण विद्यार्थ्याची चूक त्याच क्षणी दुरुस्त करणारी परीक्षा आमच्या वाट्याला आली नाही. नापास करणे आणि शिकवणे ही दोन वेगळी कामे आहेत. ही पद्धत दुसऱ्या कामाकडे अधिक झुकलेली आहे.

शेंगदाण्याची गोष्ट

"पण इतकं सगळं कशाला?" आम्ही विचारले. "वीस वर्षं रोगी तपासता आहात. अनुभव काही कमी नाही."

सूनबाई थोडा वेळ गप्प राहिली. मग अंगणात वाळत घातलेल्या भुईमुगाकडे बोट करून तिने एक गोष्ट सांगितली.

अमेरिकेत काही मुलांना शेंगदाणा सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडतो, क्वचित जीवही जातो. २००० साली तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला दिला की ज्या बाळांना असा धोका अधिक आहे त्यांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. सूनबाई शिकली तेव्हा हाच पाठ होता. २००८ मध्ये संस्थेने तो सल्ला मागे घेतला, कारण त्याला पुरेसा आधार दिसेना. मग २०१५ मध्ये लंडनमध्ये झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. धोका असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाण्याचे पदार्थ दिले आणि निम्म्यांना दिले नाहीत. ज्यांना दिले त्यांच्यात पाचव्या वर्षी हा विकार सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळला. २०१७ मध्ये तिथले मार्गदर्शनच बदलले. आता अशा बाळांना चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान, डॉक्टरांना विचारून, शेंगदाण्याची ओळख करून द्यावी असे सांगतात. (अख्खा दाणा मात्र कोणत्याही तान्ह्या बाळाला देऊ नये. तो श्वासनलिकेत अडकतो. बारीक वाटून पातळ केलेलाच द्यायचा असतो.)

"मी किती आयांना सांगितलं होतं फादर, तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा घरातही आणू नका म्हणून," सूनबाई म्हणाली. "मनापासून सांगितलं होतं. शिकले होते तेच सांगितलं. त्या आयांनी विश्वास ठेवला. ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी मला रात्रभर झोप आली नाही. नुसत्या अनुभवावर राहिले असते, तर मला हे कधी कळलंच नसतं. दवाखान्यात बसून तीच चूक शंभर वेळा केली असती आणि तिला अनुभव म्हटलं असतं."

वाचकहो, हे शेवटचे वाक्य आम्ही घरी येऊन लिहून ठेवले.

तक्रारीही आहेत

या व्यवस्थेत सारे गोड आहे असे नाही. आयोगाचे प्रमाणपत्र ही एक गोष्ट आणि काम करण्याचा परवाना ही दुसरी. परवाना प्रत्येक राज्य वेगळा देते. कुठे परवान्याच्या नूतनीकरणाला चालू प्रमाणपत्र लागतेच, कुठे ते पहिल्या वेळीच पाहतात. राज्य बदलले की नियम बदलतात. शिवाय गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनाने तिकडे फार माणसे मेली. म्हणून तसली औषधे लिहून देण्याची केंद्रीय नोंदणी ज्यांच्याकडे आहे त्यांना २७ जून २०२३ पासून व्यसनावरील उपचारांचे आठ तासांचे शिक्षण एकदा घेणे भाग केले आहे. एका माणसाला असे तीन तीन हिशेब सांभाळावे लागतात.

शुल्क आहे, वेळ आहे, घरच्यांची ओढाताण आहे. पुष्कळांचे म्हणणे असेही होते की जो वीस वर्षे फक्त हाडांच्या शस्त्रक्रियेत काम करतो त्याला बाळंतपणाचे बारकावे कशाला विचारता? त्यात तथ्य होते. २०१९ पासून पुन्हा घेतल्या जाणाऱ्या परीक्षेत प्रत्येकाला ठाऊक असावे अशा मूळ ज्ञानावर भर दिला आहे. लहान गावी हा भार जास्त जाणवतो. दवाखान्यात दोनच माणसे असली आणि त्यातल्या एकाचे प्रमाणपत्र नोंदणी राहिल्यामुळे गेले, तर ते परत मिळेपर्यंत रोग्यांनी दूरच्या शहराची वाट धरायची. म्हणून ही वही तिकडच्या शेतकऱ्याच्याही जिव्हाळ्याची आहे, जरी त्याला ती कधी दिसत नसली तरी.

आपल्याकडे

आपल्या देशात या पेशाचे शिक्षण १९९२ मध्ये चेन्नईत सुरू झाले. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यात त्याला स्थान मिळाले आहे. आपली मुलेमुली या शिक्षणाकडे वळत असतील तर पालकांनी एवढे समजून घ्यावे की पदवी मिळाली म्हणजे पुस्तके बांधून माळ्यावर टाकता येणार नाहीत. डॉक्टरांनाही हे सुटलेले नाही. शेजारच्या महाराष्ट्रात नोंदणीचे नूतनीकरण करायला डॉक्टरांना पाच वर्षांत ३० तासांचे शिक्षण दाखवावे लागते.

आणि आपले काय? आपल्याला कोणी परीक्षेला बसवत नाही. पण घराघरांत औषधपाण्याची जी माहिती आपण एकमेकांना देतो तिच्यावरही तारीख असते. आमचेच उदाहरण सांगतो. लहानपणी प्रथमोपचाराच्या तासाला आम्हांला शिकवले होते की साप चावला तर वरच्या बाजूला दोरी घट्ट आवळावी, जखमेवर चीर द्यावी आणि रक्त काढावे. आम्ही ते पुढे कित्येक वर्षे मुलांना सांगितले. आज तज्ज्ञ हे तिन्ही करू नका म्हणतात. घट्ट आवळल्याने अवयव निकामी होतो, चीर दिल्याने रक्त थांबत नाही, चोखल्याने विष निघत नाही.

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून नवा पाठ येथेच देतो. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांपैकी कोणी चावल्याचा संशय आला तर माणसाला धीर द्यावा, चालवू नये. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतात तसा बांधून स्थिर ठेवावा, पण आवळू नये. अंगठी, पैंजण, बांगडी काढून टाकावी. चावल्याची वेळ लक्षात ठेवावी. साप मारण्यात किंवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ न घालवता सापाच्या विषावरचे इंजेक्शन जिथे मिळते त्या दवाखान्यात तडक न्यावे. ते कुठे मिळते याची चौकशी आजच करून ठेवावी, चावल्यावर नव्हे.

निघताना म्हातारबाबांनी गोणपाट उलगडले. १०० पैकी ६३ दाण्यांना मोड आले होते. त्यांनी दोनदा मोजले, मग बाकीचे ३७ बाजूला काढून हातावर घेऊन पाहत बसले. सूनबाईचेही त्या दिवशीचे प्रश्न संपले होते. "किती चुकले?" आम्ही विचारले. "चार," ती म्हणाली आणि वही उघडून ते चार विषय लिहू लागली.

म्हातारबाबांनी नवे बी घ्यायचे ठरवले आहे. आपणही आपले पोते एकदा उघडून पाहावे.